वाकडा मॉनिटर

३ फेब्रुवारी, सोमवार

मॉनिटरने आज मान टाकली. अगदी मेला असं म्हणता येणार नाही, पण पडद्याच्या मधोमध वरपासून खालपर्यंत एक हिरवी रेघ उमटली आहे आणि ती जायचं नाव घेत नाही. मी त्याला दोन्ही बाजूंनी थोपटलं, मग जरा जोरात थोपटलं. ही म्हणाली, "मारून सुधारायचं वय गेलं त्याचं."

रेघ ज्या अक्षरावर येते त्याला फुकटचा काना मिळतो. ज्याचं पोट काने, मात्रा आणि वेलांट्यांवर चालतं त्याच्यावर याहून मोठा अन्याय नाही.

आणि मुहूर्त तर बघा. आज सकाळीच जनावरांच्या डॉक्टरांचा ग्रंथ तपासायला आला. हा पहिला खंड. दुसरा आमच्याकडे येणार की नाही, ते हा कसा जातो त्यावर आहे. संपादकबाईंनी फोनवर बजावलं, "औषधांचे तक्ते आहेत. गाईचं मांजराला जाता कामा नये." मी म्हटलं, आजवर गेलंय का? त्या म्हणाल्या, "म्हणून तर तुम्हाला दिलं."

आमची पद्धत लग्नाइतकीच जुनी आहे. एकाच टेबलाला समोरासमोर बसायचं. ही लेखकाची मूळ प्रत मोठ्याने वाचते, विरामचिन्हांसकट, आणि मी पडद्यावर प्रूफ बघत जातो. "गाईचं पोट डावीकडे फुगल्यास, स्वल्पविराम, तिला चालवावे, पूर्णविराम." कुठे गडबड दिसली की मी दुरुस्त करेपर्यंत ही थांबते. मजा म्हणजे मला 'थांब' म्हणावं लागत नाही. मी तोंड उघडायच्या आत ही थांबलेली असते. हिला कसं कळतं कोण जाणे. सवयीने माणसाला सहावं इंद्रिय फुटत असावं.

नवा मॉनिटर घ्यायचा. घ्यायचाच तर चांगला घ्यायचा. ही म्हणाली, "जुना होता तेवढाच घ्या. टेबल तेवढंच आहे." हिला यंत्रातलं काही कळत नाही.

५ फेब्रुवारी, बुधवार

मेहुण्याला फोन केला. तो बँकेत आहे, पण त्याचा जीव आहे तो मॉनिटरमध्ये. कुणी घर बांधलं तर हा आधी विचारतो, मॉनिटर कुठे ठेवणार. संध्याकाळी ऑफिसातून तडक आमच्याकडेच आला.

"भाऊजी, सपाट मॉनिटर आता कोण घेतं? रुंद घ्या. अल्ट्रावाइड. आणि कर्व्ह्ड."

"म्हणजे वाकडा?" हिने चहा ठेवत विचारलं.

"वाकडा नाही गं ताई, वक्र. दोन्ही कडा तुमच्याकडे वळलेल्या. माणूस मध्ये बसला की पडदा त्याला कवेत घेतो. एकदा बसलात भाऊजी, की बाहेरचं जग दिसणार नाही."

"आत्ता तरी कुठे दिसतंय," ही म्हणाली आणि आत गेली.

पडदा किती वळलाय ते आकड्यात सांगतात. हजार आर म्हणजे एक मीटर त्रिज्येच्या वर्तुळाचा तुकडा, अठराशे आर म्हणजे त्याहून मोठ्या वर्तुळाचा, म्हणून कमी वाकडा. आकडा वाढला की वाक कमी होतो. हे मला तीनदा समजावून घ्यावं लागलं. मग आम्ही सुतळी आणि खडू घेऊन बाहेरच्या खोलीत फरशीवर वर्तुळं काढली. अठराशेच्या वर्तुळाचा मध्यबिंदू न्हाणीघराच्या दारात पडला. मेहुणा म्हणाला, "बघा, अठराशे घेतलात तर तुम्हाला इथे बसून काम करावं लागेल." हजारचा मध्य बरोबर माझ्या खुर्चीच्या पाठीशी आला. मला तो शुभशकुन वाटला.

फरशी पुसायला ही मला सांगेल असं वाटलं होतं. हिने स्वतःच पुसली. हिच्या खुर्चीखालची खडूची रेघ मात्र राहिली आहे.

८ फेब्रुवारी, शनिवार

आज प्रयोग केला. शेजाऱ्यांच्या नव्या फ्रिजचं खोकं मागून आणलं, मॉनिटरच्या मापाचा पुठ्ठा कापला, त्याला वाक दिला आणि टेबलावर उभा केला. मध्ये बसून पाहिलं. मन प्रसन्न झालं. नुसत्या पुठ्ठ्याने एवढं, तर खरा किती देईल.

हिला म्हटलं, तू तुझ्या जागेवर बस, टेबलाला जागा पुरते का बघू. ही बसली. मला दिसेना, पण आवाज आला.

"तुमचं कपाळसुद्धा दिसत नाही इथून."

"माझं कपाळ बघून काय करायचंय?"

मी पुठ्ठ्यावरून मान उंच करून हिला खरा फायदा सांगितला. गेले दोन दिवस तो मी पोटात ठेवला होता. पडदा एवढा रुंद की डावीकडे मूळ प्रत आणि उजवीकडे प्रूफ, दोन्ही पानं शेजारी शेजारी पूर्ण दिसतात. मूळ प्रत हल्ली छापखाना स्कॅन करून पाठवतोच. म्हणजे मोठ्याने वाचायची गरजच उरत नाही. "इतकी वर्षं घसा कोरडा केलास. आता सुटलीस."

"मग मी काय करायचं?"

"आराम."

हिने पुठ्ठ्याची कड बोटाने दाबून पाहिली. मग म्हणाली, "वाकडा मॉनिटर डोळ्यांना वाईट असतो म्हणे." मी तीन लेख उघडून दाखवले की नसतो. मग म्हणाली, वीज जास्त खात असेल. तेही खोडून काढलं. मग म्हणाली, धूळ बसेल, वाकड्या जागी फडकं नीट फिरत नाही. एकेक शंका अशी शेंडाबुडखा नसलेली. मी न चिडता सगळ्यांना उत्तरं दिली. स्वतःचं कौतुक वाटलं.

१५ फेब्रुवारी, शनिवार

दुकानात गेलो. ही येते म्हणाली, हे नवलच. मेहुणा तिथे आधीच हजर होता आणि विक्रेत्याला विक्री शिकवत होता.

भिंतभर मॉनिटर. प्रत्येकावर तोच एक समुद्र, तोच एक पोपट. एका मॉनिटरवरचा पोपट इतका लाल होता की त्याला पशुवैद्याकडे न्यावं असं वाटलं. ही हसली. हल्ली ही फारशी हसत नाही, त्यामुळे लक्षात राहिलं.

विक्रेता पोरगेलासा, पण मुद्द्याचं बोलणारा. त्याने विचारलं, "काम की करमणूक?"

"दोन्ही. दिवसा प्रूफं, संध्याकाळी सिनेमे."

"मग कर्व्ह घ्यायच्या आधी एक सांगा, समोर बसणारे किती? कर्व्ह एका माणसासाठी असतो. मध्यावर बसलं तर सरळ दिसतं, बाजूला बसलं की नाही. दोघं असाल तर सपाटच बरा."

"एकच," मी म्हटलं. "मीच."

मागे वळून हिला विचारायला गेलो की कसा वाटतो, तर ही नव्हती. पलीकडच्या रांगेत इस्त्र्या बघत उभी. मी गेलो तेव्हा एक इस्त्री हातात धरून तिच्या वायरीकडे बघत होती. हिला नवी इस्त्री हवी आहे वाटतं. घरची चांगली चालते, पण बायकांचा जीव कशात असतो सांगता येत नाही. मी म्हटलं, हवी तर घे. ही म्हणाली, "नको. चला. तुमचं झालं ना?"

झालं. हजार आर. शुक्रवारी घरी येणार.

२१ फेब्रुवारी, शुक्रवार

आला. दोन माणसांनी उचलून आणला. खोकं दारातून आडवं जाईना म्हणून उभं केलं, उभं जाईना म्हणून तिरपं केलं. मेहुण्याने अर्ध्या दिवसाची रजा काढली होती. पडदा पेटला तेव्हा मेहुण्याने आणि मी एकदमच हात जोडले. खरंच, कवेत घेतो.

टेबल मात्र भरून गेलं. हिचं चष्म्याचं घर, पेन्सिली, पट्टी आणि पाण्याचं भांडं कुठे ठेवायचं असा प्रश्न आला. तात्पुरतं स्वयंपाकघरातल्या फळीवर ठेवलं.

संध्याकाळी उद्घाटनाचा सिनेमा. मी मध्ये, ही बाजूला स्टुलावर. मेहुणा उभाच, त्याला कोन तपासायचे होते. थोड्या वेळाने ही म्हणाली, "इथून सगळ्यांचे चेहरे मळकट दिसतात."

"मधून नीट दिसतात," मी म्हटलं.

"हो, तुम्ही मध्ये आहात ना."

मध्यंतराच्या सुमारास ही कपड्यांच्या घड्या घालायला उठली ती परत आली नाही. शेवट मी नंतर जेवताना सांगितला. खून भावाने केला होता. हिने फक्त "बरं" म्हटलं आणि मीठ पुढे केलं.

२४ फेब्रुवारी, सोमवार

आजपासून नव्या पद्धतीने काम. डावीकडे मूळ, उजवीकडे प्रूफ. काय सुख म्हणून सांगू. सरदाराला दोन घोडे जुंपलेला रथ मिळावा तसं वाटलं.

सकाळी पडदा सुरू करून बसलो तर पलीकडून खुर्ची सरकल्याचा आवाज आला. ही सवयीने येऊन बसली होती, चष्मा लावून. मी उठून पलीकडे गेलो आणि म्हटलं, "अगं, तुला सुट्टी."

"किती दिवस?"

"कायमची."

हिने चष्मा काढला आणि पदराने पुसला. मग उठून गेली. भारावून गेली असावी. माझंही मन भरून आलं. इतक्या वर्षांनी बायकोला काहीतरी देता आलं याचं समाधान वेगळंच असतं.

२८ फेब्रुवारी, शुक्रवार

मान दुखते. डावीकडे, उजवीकडे, डावीकडे, उजवीकडे. दिवसभर टेनिसचा सामना बघावा तसं होतं. मेहुणा म्हणतो सवय होईल. मानेला शेक घेतो आहे.

घरात कमालीची शांतता. पूर्वी दिवसभर हिचा आवाज असायचा, गोचिडांपासून गर्भपातापर्यंत. आता स्वयंपाकघरातूनही काही ऐकू येत नाही. एकदा उठून पाहिलं, तर ही बाल्कनीत उभी होती. काही करत नव्हती. मी विचारलं, काय करतेस? म्हणाली, "आराम."

बोलणं जरा तुटक झालं आहे. पण शांततेत काम वेगात होतं. घोड्यांचं प्रकरण संपवलं.

५ मार्च, बुधवार

आज ही नटूनथटून बाहेर गेली आणि दुपारी उशिरा परत आली. चेहऱ्यावर तजेला. विचारलं तर म्हणाली, "परीक्षा द्यायला गेले होते."

पुस्तकं वाचून ध्वनिमुद्रित करणारी एक संस्था आहे, डोळ्यांनी वाचता न येणाऱ्यांसाठी. हिच्या एका मैत्रिणीने सांगितलं म्हणून आवाजाची चाचणी द्यायला गेली. काचेच्या खोलीत बसवलं, कानाला यंत्रं लावली आणि एका प्रेमकथेचं पान पुढे ठेवलं. हिने वाचलं, "तो तिच्या जवळ आला, स्वल्पविराम, आणि म्हणाला, दुहेरी अवतरण सुरू, तू जाऊ नकोस, पूर्णविराम, अवतरण बंद."

काचेपलीकडचे लोक टेबलावर डोकं ठेवून हसले म्हणे. हे सांगताना हीसुद्धा डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली. मीही हसलो. पुष्कळ दिवसांनी आम्ही असे हसलो.

मग म्हणाली, "दुसऱ्यांदा नीट वाचलं. त्यांना आवाज आवडला. रोज जायचं आहे, सकाळपासून संध्याकाळपर्यंत. पुढच्या शनिवारपर्यंत कळवायचंय."

मी अभिनंदन केलं. म्हटलं, छान, तुझा वेळ जाईल.

ही माझ्याकडे बघत राहिली. मी अजून काहीतरी बोलणार आहे असं वाटत असावं. मग ही म्हणाली, "अजून हो म्हटलेलं नाही."

आता हे लिहिताना छातीत कसंतरी होतंय. दुपारचं जेवण जड गेलं असावं.

१० मार्च, सोमवार

वाईट दिवस.

संपादकबाईंचा फोन. आवाज थंड. पाठवलेल्या पानांतली काही त्यांनी स्वतः चाळली. तक्त्यात एक ओळ गळली होती, आणि तिच्यामुळे खालची सगळी औषधं एकेक घर वर सरकली होती. बैलाचा डोस मांजरासमोर येऊन बसला होता. "त्या मांजराचं काय झालं असतं, सांगा."

मी पानाचा नंबर लिहून घेतला.

"आणि हे एकच नाही. शेळ्यांच्या प्रकरणात अख्खं वाक्य नाही. तुमच्या हातून हे कसं झालं, मला कळत नाही. सगळे तक्ते पुन्हा तपासून सोमवारपर्यंत पाठवा. नाहीतर दुसऱ्या खंडाचं मला दुसरीकडे बघावं लागेल."

फोन ठेवून ती पानं उघडली. दोन्ही शेजारी शेजारी, लख्ख. गळलेली ओळ मूळ प्रतीत डोळ्यांसमोर होती. ती मी पाहिली होती आणि तरी दिसली नव्हती. डोळा उजवीकडून डावीकडे परत येताना भलत्याच ओळीवर उतरला, आणि पुढचं मी माझ्या मनाने वाचत गेलो. डोक्याला आपलं आपण वाचायची फार हौस असते. दुसऱ्याचा आवाज असला की तो आपल्याला ओढून जागेवर ठेवतो.

मेहुण्याला फोन केला. तो म्हणाला, "भाऊजी, ब्राइटनेस कमी करा." केला. मग म्हणाला, रंगाचं तापमान बदला. बदललं. पडदा पिवळा झाला, मग निळा झाला. ओळ गळलेलीच राहिली.

ही दारात उभी राहून ऐकत होती. मी म्हटलं, काही नाही, सेटिंगचा प्रश्न आहे.

११ मार्च, मंगळवार

सेटिंगचा प्रश्न नाही.

सकाळपासून तक्ते पुन्हा तपासायला बसलो आणि एकाही ओळीवर विश्वास बसेना. शेवटी स्वयंपाकघरात गेलो आणि म्हटलं, जरा वाचून दाखवतेस?

ही भाजी निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "तुमच्या पडद्यावर दोन्ही पानं दिसतात ना."

"दिसतात."

"मग?"

"दिसतात, पण कळत नाहीत."

हिने उरलेली देठं मोडली. मग हात पुसले. "मी वाचणार नाही. मला त्या डब्याच्या पाठीकडे बघून वाचता येत नाही. तुम्ही वाचा, मी प्रूफ बघते."

"तुला जमेल?"

"इतकी वर्षं ऐकून तुम्हाला जमलं, तर मला वाचून जमणार नाही?"

उद्या तसं करून बघायचं ठरलं आहे. उलटसुलटच आहे, पण माझ्यापाशी दुसरा उपाय नाही.

१२ मार्च, बुधवार

आजचं सगळं नीट लिहून ठेवायला हवं.

ही माझ्या खुर्चीत बसली, पडद्यासमोर. मी मूळ प्रतीचे कागद घेऊन पलीकडे, हिच्या खुर्चीत. या खुर्चीत मी आयुष्यात कधी बसलो नव्हतो. खाली फरशीवर खडूची ती रेघ अजून होती.

समोर काळ्या प्लास्टिकची एक प्रचंड पाठ. मध्ये कंपनीचं नाव, खाली वायरी. बाकी काही नाही. बायको नाही, खिडकी नाही, भिंतीवरचं घड्याळसुद्धा नाही. जणू कुणी घरातल्या घरात भिंत घातली होती आणि ती आणायला मी मेहुण्यासकट गेलो होतो.

वाचायला लागलो. "मेंढीस खोकला असल्यास, स्वल्पविराम." कुठे थांबायचं कळेना. चूक सापडली की ही 'थांबा' म्हणायची, पण तोवर मी तीन ओळी पुढे. मग मागे. मग पुन्हा पुढे. थोड्या वेळाने मी वैतागून म्हटलं, "तुला कसं कळायचं गं, मी न सांगता?"

पडद्यामागून आवाज आला, "काय?"

"मी थांबतो कधी ते. माझ्या तोंडातून शब्द निघायच्या आत तू थांबायचीस."



"तुमची डावी भुवई," ही म्हणाली. "चूक दिसली की आधी ती वर जाते. कळत नाही अशी जागा असली की दोन्ही जवळ येतात. कंटाळा आला की नाक ओढता, मग मी जरा रंगवून वाचायचे. जुना मॉनिटर बुटका होता. वरून सगळं दिसायचं."

मी कागद खाली ठेवले.

एवढी वर्षं मी पडद्याकडे बघत होतो आणि ही माझ्याकडे. मला वाटायचं मी काम करतो आणि ही वाचते. खरं काम ते बघणं होतं. आणि मी ते हिच्या हातातून काढून घेतलं, वर सुट्टी दिली म्हणून स्वतःची पाठ थोपटून घेतली. दुकानात त्या पोराने सरळ विचारलं होतं, बसणारे किती, आणि मी म्हटलं, एकच. हिच्या देखत म्हटलं. इस्त्रीचा आणि हिचा काडीचा संबंध नव्हता.

मला फार लाज वाटली. तसाच हिच्यापुढे जाऊन उभा राहिलो.

"मला तुझ्याशिवाय येत नाही हे," मी म्हटलं. "नुसतं प्रूफ नाही. घर खायला उठतं. तू बाल्कनीत उभी राहतेस ते मला बघवत नाही."

"मग बोलला का नाहीत?"

"मला कळलं नव्हतं."

"मॉनिटर कुठला घ्यायचा ते जगभर विचारत होतात," ही म्हणाली. "मला एकदा विचारायचं होतंत. मॉनिटरचं नव्हे. माझं."

मी हिच्या खांद्यावर हात ठेवून उभा राहिलो. पडद्यावर मेंढीचं फुप्फुस उघडं पडलं होतं, दोन्ही बाजूंनी वळलेलं.

"ते पुस्तकांचं काम तू घे," मी म्हटलं. मनापासून म्हटलं. "त्यांनी तुझा आवाज ऐकला. मी फक्त वापरला."

"ते माझं मी बघते," ही म्हणाली. "सरका जरा. स्टूल आणा."

१५ मार्च, शनिवार

हिने संस्थेला कळवलं. आठवड्यातून दोन सकाळी तिकडे जाणार, बाकी वेळ इकडे. त्यांना रोज हवी होती, पण हिने ठणकावून सांगितलं, आणि ते कबूल झाले. मला विचारलं नाही, नुसतं सांगितलं. योग्यच केलं.

मेहुण्याने सुचवलं, वाकडा परत देऊन सपाट आणू, अजून मुदत आहे. ही म्हणाली, नको, दुकानाच्या भिंतीवरचे पोपट पुन्हा बघायची ताकद नाही. आता आम्ही पलीकडची खुर्ची अलीकडे आणली आहे. दोघं शेजारी, पडद्याच्या मिठीत, जिथे एकानेच बसायचं असतं. यात एक गंमत निघाली. वळलेल्या पडद्याची डावी कड उजवीकडे तोंड करून असते आणि उजवी कड डावीकडे. म्हणजे डावीकडे बसलेल्या माणसाला उजवं पान स्वच्छ दिसतं आणि त्याच्या नाकासमोरचं मळकट. म्हणून मी उजवीकडे बसतो, मूळ प्रतही आता उजवीकडेच घेतली आहे, आणि ही माझ्यासमोरचं वाचते, मी हिच्यासमोरचं तपासतो. सारखे एकमेकांच्या आड येतो. काल डोक्यावर डोकं आपटलं.

भुवई आता हिला बाजूनेच दिसते. डावीच दिसते, पण कामाची तीच आहे.

तक्ते पूर्ण झाले. गळलेल्या ओळी पाच निघाल्या, आणि एक चूक डॉक्टरांची स्वतःची, ती हिने पकडली. मूळ प्रतीतच कोंबडीला चार पाय दिले होते.

आताच संपादकबाईंचा फोन आला. पानं पाहिली म्हणाल्या, आणि आवाजातली थंडी गेली होती. दुसरा खंड सोमवारी पाठवते म्हणाल्या. मग विचारलं, "एका आठवड्यात एवढा फरक? मॉनिटर बदललात का?"

"नाही, मॉनिटर तोच आहे," मी म्हटलं. "बायको परत आली."

मग त्यांनी अगदी हळू आवाजात विचारलं, "अरे बापरे. मला माहीत नव्हतं. कुठे गेल्या होत्या?"

"टेबलाच्या पलीकडे," मी म्हटलं.

त्यांना काय समजलं कोण जाणे. ही शेजारून म्हणाली, फोन ठेवा आता, बाईंना कामं असतात. आणि मी ठेवेपर्यंत हिने पडद्यावरचं पान उलटलं नाही.